कॅनडातलं मोबाईल बिल आणि फर्स्ट नेशन्स करसूट : कंपन्यांच्या सेवेचं परीक्षण

फर्स्ट नेशन्स हा कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा सर्वांत मोठा गट, आणि त्यांतल्या सरकारी नोंदणी झालेल्या व्यक्तीचं ओळखपत्र म्हणजे स्टेटस कार्ड. ते असलेल्या ग्राहकाच्या मोबाईल बिलावरून लागू नसलेला कर काढून टाकणं, एवढीच ही सेवा. कॅनडातल्या मोठ्या मोबाईल कंपन्या ती देतात, तिचे वेगळे पैसे घेत नाहीत, आणि एकदा नीट लावून दिली की दर महिन्याच्या बिलात फरक दिसतो. दुकानाचं काउंटर, फोनवरची हेल्पलाइन, वेबसाइट आणि चॅट अशा चार वाटांनी ती मागता येते. या चार वाटांच्या दर्जात मोठं अंतर आहे, म्हणून निकाल आधीच सांगतो: काउंटरवर जा. बाकीच्या तीन वाटा नाइलाज असेल तेव्हाच.

मराठीत हे लिहायला कारण आहे. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, सरे, कॅल्गरी या भागांतल्या मोबाईल दुकानांत भारतातून आलेले विद्यार्थी आणि नवे स्थलांतरित मोठ्या संख्येने काम करतात, आणि त्यांत मराठी मुलंमुलीही असतात. ब्रँटफर्डजवळचं सिक्स नेशन्स ऑफ द ग्रँड रिव्हर, हे लोकसंख्येने कॅनडातलं सर्वांत मोठं फर्स्ट नेशन, ब्रॅम्प्टनपासून गाडीने तासाभराच्या आसपास. म्हणजे कार्ड पुढे करणारा ग्राहक आणि ते कार्ड आयुष्यात पहिल्यांदा पाहणारा मराठी विक्रेता यांची गाठ पडणं अगदी रोजचं आहे. त्या वेळी विक्रेत्याला काय माहीत असतं, यावर या सेवेचा दर्जा ठरतो.

सूट कोणाला आणि कशामुळे

मूळ आहे १८७६ साली पहिल्यांदा झालेला इंडियन ॲक्ट. आज लागू असलेल्या कायद्याचं कलम ८७ सांगतं की कायद्याखाली नोंदणी झालेल्या व्यक्तीची किंवा बँडची (फर्स्ट नेशनला कायद्यात असलेलं नाव) रिझर्व्हवर, म्हणजे फर्स्ट नेशनसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, असलेली मालमत्ता करमुक्त आहे. जीएसटी (केंद्राचा विक्रीकर) आणि एचएसटीला (केंद्राचा आणि प्रांताचा मिळून एकच विक्रीकर) हे कसं लावायचं, याचं धोरण कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीच्या बी-०३९ या माहितीपत्रकात आहे. दोन गोष्टी जुळाव्या लागतात: व्यक्तीची नोंदणी आणि जागा. दोन्हींपैकी एक नसेल तर केंद्राचा ५ टक्के कर लागतो. नोंदणी असलेला माणूस टोरंटोत भाड्याने राहतो आणि तिथलाच पत्ता खात्यावर आहे, तर त्याच्या बिलावर तो ५ टक्के राहणारच. २०२१ च्या जनगणनेत स्टेटस असलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्केच रिझर्व्हवर राहत होते. ‘त्यांना कर भरावाच लागत नाही’ ही दुकानांत ऐकू येणारी समजूत म्हणूनच चुकीची आहे, आणि काउंटरच्या अलीकडे ती बोलून दाखवली गेली की समोरच्याचा अपमानही होतो.

आपल्याकडच्या वाचकाला जागेशी बांधलेली ही करमुक्ती अगदीच अनोळखी वाटू नये. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १०(२६) मध्ये नागालँड, मिझोराम, अरुणाचल अशा ठरावीक प्रदेशांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींचं तिथे मिळालेलं उत्पन्न करमुक्त धरलं होतं. महाराष्ट्रातल्या गोंड, वारली किंवा कातकरी माणसाला मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी इतरांसारखाच भरावा लागतो. तुलना इथेच थांबवावी. रिझर्व्ह म्हणजे आपल्या अर्थाचं आरक्षण नव्हे, नोकरी-प्रवेशातल्या जागांशी त्याचा संबंध नाही. ती जमीन आहे.

इनुइट (उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातले मूळ रहिवासी) आणि मेती (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज) लोकांना कलम ८७ लागू नाही. २०१६ च्या डॅनियल्स खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेती आणि नोंदणी नसलेले लोक १८६७ च्या राज्यघटनेच्या कलम ९१(२४) खाली केंद्राच्या अधिकारकक्षेत येतात असं ठरवलं. त्या निकालाने करसूट मिळाली नाही, पण ती मिळाली अशी समजूत पसरली, आणि मेती नागरिकत्वाचं कार्ड घेऊन आलेल्या माणसाला अजूनही काही ठिकाणी चुकीने सूट लावली जाते. पुढे ती काढली जाते तेव्हा थकलेला कर एकरकमी मागितला जाण्याचा धोका असतो, आणि तो भुर्दंड ग्राहकाच्या माथी येतो. ज्यांनी आधुनिक करार केले आहेत अशा काही फर्स्ट नेशन्समध्येही नियम निराळे आहेत. ब्रिटिश कोलंबियातल्या निस्गा राष्ट्राच्या कराराने विक्रीकरातली सूट करार लागू झाल्यावर ८ वर्षांनी, म्हणजे २००८ मध्ये संपवली होती. २०२२ पासून केंद्राने अशा राष्ट्रांना सूट चालू ठेवण्याचा पर्याय खुला केला आहे. अशा ग्राहकाच्या बाबतीत अंदाज बांधू नये, त्यांच्या शासनाच्या कार्यालयाकडून खात्री करावी.

आकडे

ओंटारिओची गोष्ट वेगळी आहे. तिथे एचएसटी १३ टक्के: ५ केंद्राचा, ८ प्रांताचा. १ सप्टेंबर २०१० पासून स्टेटस कार्ड दाखवलं की रिझर्व्हबाहेर केलेल्या पात्र खरेदीवरही प्रांताचा ८ टक्के भाग जागच्या जागी वजा होतो. मोबाईलची सेवा आणि हँडसेट दोन्ही त्यात बसतात. इंटरनेट जोडणीची सेवा बसत नाही. त्यामुळे रिझर्व्हबाहेरच्या घरात वायफायवर पूर्ण १३ टक्के लागले म्हणून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. मोबाईल बिलात डेटा वेगळ्या ओळीत दाखवला असेल, तर त्या ओळीवरचा कर मात्र नीट बघावा.

समजा प्लॅन महिना ६० डॉलरचा आहे. कुठलीच सूट नाही तर ओंटारिओत कर ७.८० डॉलर. शहरात राहणाऱ्या स्टेटस कार्डधारकाला ३ डॉलर. रिझर्व्हवरचा पत्ता असलेल्याला शून्य. म्हणजे वर्षाला अनुक्रमे ५७.६० आणि ९३.६० डॉलर वाचतात. घरात चार लाइन असतील तर चौपट. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकरच नाही, तिथे प्रश्न फक्त ५ टक्क्यांचा. क्वेबेकमध्ये ५ टक्क्यांवर प्रांताचा ९.९७५ टक्के कर येतो. ब्रिटिश कोलंबियात ७, सस्कॅचेवनमध्ये ६, मॅनिटोबात ७ टक्के प्रांतिक कर. प्रत्येक प्रांताचे सवलतीचे नियम स्वतंत्र आहेत. ओंटारिओत शिकलेली रीत घेऊन मॅनिटोबातल्या विनिपेगच्या काउंटरवर बसलेला विक्रेता हमखास चुकतो.

खरी मोठी रक्कम हँडसेटची असते. हप्त्यांवर फोन घेतला तरी पूर्ण किमतीवरचा कर अनेकदा पहिल्याच दिवशी घेतला जातो. १,२०० डॉलरच्या फोनवर ओंटारिओत तो १५६ डॉलर होतो. कार्ड दाखवून शहरातल्या दुकानातून नेला तर ६०. तोच फोन दुकानाने किंवा दुकानाने नेमलेल्या कुरिअरने रिझर्व्हवरच्या घरी पोचवला तर काहीच नाही. ‘कोणी पोचवला’ याला इथे फार महत्त्व आहे. ग्राहकाने स्वतः शहरातून उचलून घरी नेला, तर केंद्राचा ५ टक्के लागतो, मग घर रिझर्व्हच्या मधोमध का असेना. घरपोच पाठवलेल्या फोनची कुरिअर पावती दुकानाने बिलाच्या प्रतीला जोडून ठेवायची असते. ती नसेल तर तपासणीत तो कर दुकानाच्या अंगावर येतो.

याची दुसरी बाजू फारसे लोक वापरत नाहीत. दुकानच रिझर्व्हवर असेल तर कार्डधारकाने तिथे घेतलेल्या वस्तूवर कर लागत नाही, तो कुठेही राहत असला तरी. कॅल्गरीला लागून त्सूतिना राष्ट्राच्या जमिनीवर २०२० मध्ये मोठं कॉस्टको उघडलं. वेस्ट व्हँकूवरच्या पार्क रॉयल मॉलचा दक्षिण भाग स्क्वामिश राष्ट्राच्या जमिनीवर उभा आहे. शहरात राहणाऱ्या कार्डधारकाने महागडा हँडसेट अशा जागी घ्यावा आणि महिन्याचा प्लॅन हवा तिथून घ्यावा. वस्तूची जागा दुकानावरून ठरते, मासिक सेवेसाठी कंपन्या खात्यावरचा पत्ता धरतात. दोन्ही एकाच खरेदीत असल्या तरी त्यांचे हिशेब वेगळे आहेत, हे दुकानातल्या माणसालाही बऱ्याचदा सांगावं लागतं.

चार वाटा

काउंटरवर काम लवकर होण्याचं कारण साधं आहे: कार्ड समोर असतं. विक्रेत्याने कार्डावरचं नाव आणि फोटो बघायचा, नोंदणी क्रमांक खात्यात टिपायचा, पत्ता तपासायचा आणि करसुटीची खूण लावायची. नोंदणी क्रमांक सहसा १० अंकी असतो. पहिले ३ अंक बँडचे, पुढचे ५ कुटुंबाचे आणि शेवटचे २ कुटुंबातल्या त्या व्यक्तीचे. हे ठाऊक असलं की एखादा अंक गळला तर तिथल्या तिथे कळतं. क्रमांकाऐवजी बँडचं नाव आणि कुटुंब क्रमांक लिहिलेलाही चालतो. कार्ड दोन प्रकारांत दिसतं, इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडाकडून येणारं नवं सुरक्षित कार्ड आणि फर्स्ट नेशनच्या कार्यालयातून मिळणारं जुन्या धर्तीचं लॅमिनेट केलेलं. दोन्ही खरी. नव्याने नोंदणी झालेल्या माणसाकडे कार्ड यायच्या आधी नोंदणीचं तात्पुरतं पुष्टिपत्र असतं, तेही ग्राह्य आहे. जुनं लॅमिनेट कार्ड ‘हे खोटं दिसतंय’ म्हणून परत करणं ही काउंटरवरची सर्वांत वाईट चूक. क्रमांक टिपला की पुरावा झाला. कार्डाचा फोटो विक्रेत्याने स्वतःच्या फोनमध्ये काढून ठेवायची काहीही गरज नाही, आणि ग्राहकाने त्याला सरळ नकार द्यावा.

चांगलं काउंटर ओळखायची खूण: ग्राहक दुकानातून निघण्यापूर्वी विक्रेता पहिल्या बिलाचा अंदाज छापून किंवा पडद्यावर दाखवतो आणि कराच्या ओळीवर बोट ठेवतो. एवढं केलं तर आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. पाचवा गुण राखून ठेवण्याचं कारण असं की काउंटरवर लावलेली खूण पुढे टिकेल याची हमी तो विक्रेता देऊ शकत नाही.

हेल्पलाइन मध्यम दर्जाची. काही कंपन्यांकडे या कामासाठी वेगळा गट असतो, आणि त्या गटापर्यंत फोन पोचला तर काम छान होतं. साध्या ग्राहकसेवेवर लागला तर अर्ज पाठवतो म्हणून सांगतात. तो भरून, कार्डाची प्रत जोडून, परत पाठवायचा. मधल्या काळात कर लागत राहतो. म्हणून अर्ज पाठवल्याची तारीख, बोललेल्या माणसाचं नाव आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवणं भाग आहे. फोन लागल्यावर पहिलं वाक्य ‘फर्स्ट नेशन्स टॅक्स एक्झम्प्शन, स्टेटस कार्ड’ असं ठेवावं. नुसतं ‘टॅक्स’ म्हटलं की बिलाच्या सर्वसाधारण तक्रारींत ढकललं जातं.

वेबसाइटवरून नवा प्लॅन घेताना नोंदणी क्रमांक लिहायला रकाना असेलच असं नाही. नसेल तर कर आधी भरा, मग परत मागा. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या स्वस्त ब्रँडचा हा मोठा दोष आहे, आणि महिन्याला पाच डॉलर स्वस्त पडतं म्हणून तिकडे जाणाऱ्या कार्डधारकाने हा हिशेब आधी करावा. प्रीपेडचं त्याहून अवघड. पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानात टॉप-अप घेताना कर तिथेच कापला जातो आणि खात्याला पडताळलेला पत्ता बहुधा नसतो. नियमित वापर असेल तर प्रीपेड सोडून मासिक बिलाचं खातं घेतलेलं परवडतं. चॅटबद्दल एवढंच: त्यावर लावून घेऊ नका, पण लेखी पुरावा हवा असेल तेव्हा वापरा. आधी लावलेली खूण अजून आहे का, हे चॅटवर विचारून उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवता येतो.

कुठे बिघडतं

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा पत्त्यात सापडतं. बिलाचा संगणक कर ठरवताना प्रांत आणि पोस्टल कोड बघतो. ग्रामीण पोस्टल कोड फार मोठ्या भागाला मिळून एक असतो, त्यात रिझर्व्हही येतं आणि शेजारचं गावही. त्यावरून रिझर्व्हची हद्द कळणं शक्य नाही, म्हणून माणसाने हाताने खूण लावावी लागते. त्यात अनेक घरांना रस्ता आणि क्रमांक असा शहरी पत्ता नसतो. लॉट क्रमांक असतो, आणि टपाल शेजारच्या गावातल्या पोस्टाच्या पेटीत येतं. विक्रेता ती पेटी पत्ता म्हणून टाकतो, पेटी गावात, गाव रिझर्व्हबाहेर, की सूट नामंजूर. उपाय: टपालाचा पत्ता आणि सेवेचा पत्ता असे दोन वेगळे रकाने भरून घ्या, सेवेच्या पत्त्यात लॉट क्रमांक आणि रिझर्व्हचं नाव लिहा, आणि संगणक पत्ता स्वीकारत नसेल तर बँड ऑफिसचं राहण्याबाबतचं पत्र खात्याला जोडायला लावा.

दुसरी जागा म्हणजे बदल. प्लॅन बदलला, फोन अपग्रेड केला, एका ब्रँडवरून त्याच कंपनीच्या दुसऱ्या ब्रँडवर गेलात, नवी लाइन जोडली, या प्रत्येक वेळी खूण गळून पडू शकते. नव्या लाइनवर ती आपोआप येईल असं धरू नका. कार्डाची मुदत संपली की काही यंत्रणा कर पुन्हा सुरू करतात, आणि ग्राहकाला ते महिन्यांनी कळतं. मुदत कार्डाची संपते, नोंदणी संपत नाही. तरी कंपनीला चालू कार्ड लागतं, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज लवकर करावा आणि नवं कार्ड हातात आलं की दुकानात दाखवून यावं.

तिसरी अडचण खात्याच्या नावाची. बिल भरायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचं स्टेटस बघितलं जातं. नवरा नोंदणी नसलेला आणि खातं त्याच्या नावावर, बायको स्टेटस असलेली आणि फोन ती वापरते, तर सूट मिळत नाही. खातं तिच्या नावावर केलं की मिळते. नाव बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी नव्याने पत तपासली जाऊ शकते आणि जुना स्वस्त प्लॅन जाऊ शकतो. आधी विचारून घ्यावं.

विक्रेते अडवतात त्यामागे दरवेळी दुष्ट हेतू नसतो. पुरेशी नोंद न ठेवता सूट दिली तर कर एजन्सी तो कर दुकानाकडून वसूल करू शकते, ही भीती त्यांच्या मनात भरवलेली असते. क्रमांक नीट लिहिला की ती भीती संपते, आणि सूट दिल्याने दुकानाच्या नफ्यातून एक सेंटही जात नाही. हे प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगायला हवं. ‘आम्ही तुम्हाला डिस्काउंट देतोय’ असं म्हणणारा विक्रेता माणूस वाईट नसेल, पण त्याला कायदा कोणी शिकवलेला नाही.

शब्द

या सेवेत शब्दांचं परीक्षण वेगळं करता येत नाही, कारण चुकीच्या शब्दाने चुकीचा कर लागतो.

काही कंपन्यांच्या अर्जांवर अजून जुनी नावं आहेत, तर काहींनी ती बदलून ‘इंडिजिनस टॅक्स एक्झम्प्शन’ केलं आहे. बदलामागची भावना चांगली, पण हे नाव चुकीचं आहे. इंडिजिनस या शब्दात फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेती तिघेही येतात, सूट मात्र फक्त स्टेटस असलेल्यांना. अशी पाटी वाचून मेती ग्राहक रांगेत उभा राहतो आणि काउंटरवर त्याला सगळ्यांसमोर परत पाठवलं जातं. नुसतं ‘फर्स्ट नेशन्स’ही पुरतं नाही, कारण नोंदणी नसलेले फर्स्ट नेशन्स लोकही आहेत. ‘फर्स्ट नेशन्स स्टेटस करसूट’ हे नाव मान राखतं आणि अचूकही आहे. कंपन्यांनी तेवढं छापावं.

सरकारी कागदावर ‘इंडियन’ हा शब्द दिसतो कारण कायद्याचं नाव आणि व्याख्या तीच आहे. मूळ रहिवाशांचं काम पाहणाऱ्या मंत्रालयाच्या नावातून तो गेला: २०११ मध्ये ‘ॲबोरिजिनल’ आला, २०१५ मध्ये ‘इंडिजिनस’. कायद्याचं कलम सांगताना तो शब्द उच्चारावा लागतो, माणसाला उद्देशून वापरू नये. एखादे वयस्क ग्राहक स्वतःला ‘स्टेटस इंडियन’ किंवा ‘ट्रीटी’ म्हणतात. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका, तो त्यांचा शब्द आहे. आपण ‘स्टेटस कार्ड’ म्हणावं. काउंटरवर विचारायचा प्रश्न सगळ्यांना एकच ठेवावा: ‘करसुटीसाठी काही कार्ड दाखवायचं आहे का?’ चेहरा किंवा आडनाव बघून कोणाला विचारायचं हे ठरवणं बंद करावं. नोंदणीच्या नियमांत बाहेर लग्न केलेल्या बायकांचं स्टेटस पूर्वी काढून घेतलं जात होतं. १९८५ च्या दुरुस्तीने ते अनेकींना परत मिळालं आणि पुढच्या दुरुस्त्यांनी त्यांच्या वंशजांनाही. सोनेरी केसांचा, स्कॉटिश आडनावाचा माणूस पूर्ण हक्काने कार्ड पुढे करतो. ‘तुम्ही तसे दिसत नाही’ हे वाक्य सेवेच्या गुणांतून थेट दोन गुण कापायला पुरेसं आहे. रक्ताचं प्रमाण, आजीआजोबा, ‘कधी मिळालं’ हे प्रश्नही विक्रेत्याच्या कामाचे नाहीत. बोलायचंच असेल तर राष्ट्राचं नाव विचारावं. क्री, अनिशिनाबे, मोहॉक, मिक्माक, डेने अशी त्यांची वेगवेगळी नावं आहेत.

मराठी माणसाला इथे दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. अर्जावर ‘इंडियन’ असा रकाना दिसला म्हणून भारतीय वंशाच्या ग्राहकाने तिथे खूण करू नये, आणि मराठी विक्रेत्याने ती करू देऊ नये. त्या रकान्याचा भारताशी काहीही संबंध नाही, आणि खोट्या दाव्यावर सुटलेला कर वसूल होतो. चुकून झालं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावं. दुसरी गोष्ट आपल्या भाषेतली. ‘रेड इंडियन’, ‘तांबडे इंडियन’, ‘टोळ्या’ हे शब्द आपल्याकडे वर्षानुवर्षं छापले गेले. ते सहकाऱ्याशी मराठीत बोलतानाही सोडून द्यावेत. ग्राहकाला मराठी कळत नसली तरी ‘रेड इंडियन’ हे शब्द कळतात. मराठीत लिहिताना ‘फर्स्ट नेशन्स’ तसंच ठेवावं, तिन्ही समूह मिळून सांगायचे असतील तर ‘मूळ रहिवासी’ म्हणावं. इनुइटांसाठी ‘एस्किमो’ वापरू नये. ‘कॅनडाचे आदिवासी’ असा मालकीचा सूरही टाळावा.

कर लागलाच असेल तर

बिलावरच्या कराच्या ओळी दर महिन्याला वाचाव्यात, निदान प्लॅन बदलल्यानंतर दोन बिलं तरी. चूक दिसली की आधी कंपनीकडे परतावा मागायचा. कायद्याप्रमाणे कंपनी चुकून घेतलेला कर २ वर्षांच्या आत ग्राहकाला परत देऊ शकते किंवा बिलात जमा करू शकते. ‘आम्ही फक्त गेल्या तीन महिन्यांचं देतो’ हे उत्तर मिळालं तर ते कंपनीचं धोरण आहे, कायद्याची मर्यादा नाही. तसं स्पष्ट बोलावं आणि वरिष्ठांकडे न्यावं. तरी नाही म्हणाले, तर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडे जीएसटी१८९ हा परताव्याचा अर्ज करता येतो. त्यालाही मुदत कर भरल्यापासून २ वर्षांचीच. सोबत कर दिसणारी मूळ बिलं आणि नोंदणी क्रमांक लागतो. एकच रक्कम दोन्हीकडून मागायची नाही, कंपनीने जेवढी परत दिली तेवढी वजा करून अर्ज करायचा.

रक्कम लहान म्हणून पुष्कळ लोक हा अर्ज करत नाहीत. चार लाइनच्या ओंटारिओतल्या घराचा दोन वर्षांचा चुकीने गेलेला कर वरच्या हिशेबाने ७४८.८० डॉलर होतो. जुनी बिलं खात्यात ठरावीक महिनेच दिसत असतील, तर कंपनी बदलण्याआधी, खातं बंद होण्याआधी, सगळी पीडीएफ उतरवून ठेवावीत.

बिलातली चूक कंपनी मान्यच करत नसेल तर सीसीटीएस या दूरसंचार तक्रार निवारण संस्थेकडे जाता येतं. ग्राहकाला त्याचा खर्च नाही, पण आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून ते तक्रार क्रमांक आणि स्क्रीनशॉट. सूट लागू आहे की नाही हा मूळ वाद मात्र कर एजन्सीकडेच न्यावा.

नवी कंपनी निवडणाऱ्या कार्डधारकाने प्लॅनची किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: जवळ दुकान आहे का, करसुटीसाठी वेगळा फोन क्रमांक आहे का, आणि अपग्रेड केल्यावर खूण टिकते का. तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर त्याच्या व्यवस्थापकाकडून उत्तर लेखी घ्यावं आणि मगच सही करावी.